रान, रण, तीर्थ, क्षेत्र : निसर्ग, पुराणकथा, धर्म आणि युद्ध यांतील शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शिक्षक, कीर्तनकार, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आणि नातवंडांना गोष्टी सांगणारे आजी-आजोबा यांच्याकडून शब्दांच्या अर्थांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा तपशील दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ मानावा का?

मानू नये. आज बोलणारे लोक ज्या अर्थाने शब्द वापरतात, तोच त्याचा आजचा अर्थ असतो. 'शिपाई' हा फारसीतून आलेला शब्द एके काळी सैनिकाचा वाचक होता आणि आज कचेरीत कागदपत्रे इकडून तिकडे नेणारा माणूस शिपाईच असतो. त्याला सैनिक म्हणणे चुकीचे ठरेल. मूळ अर्थ आपल्याला शब्दाने केलेला प्रवास दाखवतो, आणि त्या प्रवासातून जुन्या माणसांचे जगणे दिसते, म्हणून तो जाणून घ्यायचा. येथे दोन संज्ञा वारंवार येतील. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तत्सम (क्षेत्र), आणि प्राकृतातून झिजत, बदलत आलेला शब्द तद्भव (शेत).

२. आकाश आणि आभाळ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो शेतकऱ्याला विचारला तर लगेच कळतो. 'आभाळ आले' असे आपण म्हणतो, 'आकाश आले' असे कोणी म्हणत नाही. आकाश हा शब्द 'काश्' म्हणजे प्रकाशणे या धातूपासून आला आहे. आभाळ हा शब्द 'अभ्र' म्हणजे ढग यापासून आला. मोकळे, प्रकाशमान ते आकाश. भरून येते ते आभाळ. आपल्याकडच्या बोलींत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून घरोघरी 'आभाय' ऐकू येते. ते अशुद्ध नाही, ते बोलीच्या नियमाला धरून आहे.

३. रान, वन, अरण्य आणि जंगल हे समानार्थी शब्द आहेत ना?

शाळेच्या समानार्थी शब्दांच्या यादीत ते एका ओळीत बसतात, परंतु त्यांची कुळे निरनिराळी आहेत.

'अरण्य' हा शब्द 'अरण' म्हणजे दूरचे, परके या शब्दाशी जोडलेला आहे. वस्तीच्या पलीकडचा, आपला नसलेला प्रदेश म्हणजे अरण्य. तेथे झाडे किती आहेत हा प्रश्न त्या शब्दात मुळात नाही. वस्तीपासून दूर बसून अभ्यासायचे ग्रंथ म्हणून 'आरण्यके'. याच अरण्याचा पहिला स्वर प्राकृतात गळाला आणि मराठीत 'रान' झाले. पश्चिम महाराष्ट्रात 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेला आहे, असाही अर्थ होतो. आपल्याकडे शेताला 'वावर' म्हणण्याची रीत असल्यामुळे खान्देशी माणूस ते वाक्य ऐकून क्षणभर बुचकळ्यात पडतो.

'वन' या शब्दात झाडे आहेत आणि माणसाचे नातेही आहे. तपोवन, उपवन, आमराईसाठी आम्रवन असे शब्द त्यातून तयार होतात. सरकारी खाते 'वन विभाग' असते, 'अरण्य विभाग' नसते, ते योग्यच आहे, कारण ज्याची राखण करता येते ते वन.

सर्वांत मोठे आश्चर्य 'जंगल' या शब्दाचे आहे. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदात भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आनूप म्हणजे पाणथळ आणि जांगल म्हणजे त्याच्या उलट. खैर, शमी, बोर यांसारखी काटेरी झाडे ही जांगल देशाची ओळख मानली गेली. पुढे 'न कसलेली, ओसाड जमीन' हा अर्थ आला आणि तेथून 'दाट झाडी' या अर्थापर्यंत शब्द पोचला. म्हणजे जुन्या वैद्याला तापीच्या खोऱ्यातला बाभळी-बोरींचा कोरडा माळ दाखवला असता, तर त्याने त्याला जांगल म्हटले असते आणि आपण ज्याला जंगल म्हणतो ती तोरणमाळकडची झाडी त्याने त्या नावाने ओळखली नसती. 'रण' या शब्दाचा रानाशी काही संबंध आहे का, यासाठी प्रश्न १५ पाहावा.

४. मृग म्हणजे हरीण, तर सिंहाला 'मृगराज' का म्हणतात?

कारण मृग म्हणजे आधी फक्त हरीण नव्हते. संस्कृतात मृग हा कोणत्याही वन्य पशूचा वाचक होता. म्हणून शिकारीला 'मृगया', माकडाला 'शाखामृग' (फांदीवरचा पशू) आणि सिंहाला पशूंचा राजा या अर्थाने 'मृगराज' किंवा 'मृगेंद्र'. हरीण हा शिकारीतला नेहमीचा पशू, त्यामुळे हळूहळू शब्द त्याच्यापुरता आक्रसला. मृगशीर्ष नक्षत्रात हरणाचे डोके पाहिले गेले, ते याच नंतरच्या अर्थाने. मृगजळातही हरीणच आहे, कारण तापलेल्या मातीवरच्या भासामागे ते तहानेने धावते अशी कल्पना आहे.

सूर्य त्या नक्षत्रात साधारण ७ किंवा ८ जूनला जातो आणि पेरणीचा हिशेब तेथून सुरू होतो. पहिला पाऊस मुरला की बांधावर मखमलीसारखा लाल, बोटाच्या पेराहूनही लहान जीव चालताना दिसतो, त्याला 'मृगाचा किडा' म्हणतात. मुले त्याला काड्यापेटीत ठेवतात आणि बोट लावले की तो पाय आखडून घेतो ते पाहत बसतात. त्या किड्याच्या नावातला मृग मात्र हरीण नसून नक्षत्र आहे.

५. 'हत्तीचा पाऊस' हस्त नक्षत्राचा की पंचांगातल्या हत्ती या वाहनाचा?

हस्त नक्षत्राचा. हस्त म्हणजे हात. ज्याला हात आहे तो 'हस्ती', कारण सोंड हाच त्याचा हात. आणि हस्तीचा 'हत्ती' झाला. सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या शेवटी, २७ तारखेच्या सुमारास जातो. नक्षत्राच्या नावातला हात लोकांच्या तोंडी हत्ती झाला, आणि गडगडाटासह कोसळणाऱ्या त्या पावसाला हे नाव शोभलेही. वेचणीला आलेला कापूस ज्याच्या वावरात उभा आहे, त्याला या नावातली धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला उंदीर, बेडूक, म्हैस, मोर, गाढव असे जे वाहन दिलेले असते, ते दरवर्षी गणिताने ठरते आणि बदलते. त्यामुळे एखाद्या वर्षी हस्ताचे वाहन कोल्हाही असू शकते; पाऊस तरीही हत्तीचाच.

६. तापी नदीच्या नावाचा अर्थ 'तापणारी' असा आहे का?

नावाच्या मुळाशी 'तप्' म्हणजे तापणे हा धातू आहे, परंतु परंपरेने त्याचा संबंध सूर्याशी लावला आहे. तापी ही सूर्यकन्या मानली जाते. तिचा उगम मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे होतो. या गावाचे नाव 'मूळतापी'चे रूप असल्याचे सांगितले जाते. तेथून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते.

महाभारताच्या आदिपर्वात 'तपती' या सूर्यकन्येची कथा आहे. राजा संवरण तिच्यावर मोहित होतो, वसिष्ठांच्या मध्यस्थीने त्यांचा विवाह होतो आणि त्यांना कुरू नावाचा पुत्र होतो. कौरव आणि पांडव दोघेही त्या कुरूचे वंशज. एकचक्रा नगरीतून पांचालदेशाकडे निघालेल्या अर्जुनाला वाटेत एक गंधर्व 'तापत्य' म्हणजे तपतीचा वंशज अशी हाक मारतो आणि अर्जुन बुचकळ्यात पडून त्या नावाचा अर्थ विचारतो. शब्दाचा अर्थ विचारल्यामुळे एक संपूर्ण आख्यान सांगितले जाते, हे मला फार मोलाचे वाटते. परंपरेने ही तपती आणि तापी नदी एकच मानली. आपल्याकडे एरंडोल हीच एकचक्रा अशी लोकांची श्रद्धा आहे आणि तेथे पांडववाडाही दाखवला जातो. त्या श्रद्धेच्या बाजूने पाहिले, तर अर्जुनाला तापीच्या नावाने हाक मारली गेली ती तापीच्या खोऱ्यातून निघाल्यावर. कुरूचे पुढे काय झाले, ते प्रश्न १८ मध्ये आहे.

७. असुर, दैत्य, दानव आणि राक्षस यांत नेमका फरक काय?

फरक आईच्या नावाचा आहे. कश्यप ऋषींच्या पत्नींपैकी दितीचे पुत्र ते दैत्य, दनूचे पुत्र ते दानव आणि अदितीचे पुत्र ते आदित्य म्हणजे देव. म्हणजे देव, दैत्य आणि दानव हे सावत्र भाऊ. हिरण्यकशिपू हा दैत्य, पांडवांची सभा बांधणारा मय हा दानव. राक्षसांचे कूळ निराळे आहे. रावण हा पुलस्त्याचा नातू. रामायणाच्या उत्तरकांडात 'रक्षामः' (आम्ही रक्षण करू) असे म्हणणारे ते राक्षस आणि 'यक्षामः' म्हणणारे ते यक्ष, अशी नावांची फोड दिली आहे.

'असुर' हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त उलटलेला शब्द आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर म्हटले आहे आणि तेथे त्याचा अर्थ सामर्थ्यवान असा आहे. इराणी परंपरेतील 'अहुर' हा याचाच भाऊ. पुढे असुर म्हणजे देवांचे शत्रू असा अर्थ पक्का झाला, त्यातला 'अ' नकारार्थी समजला गेला आणि 'सुर' हा देववाचक शब्द त्यातून मागाहून घडला.

दैत्य म्हणजे दुष्ट असे समीकरणही मराठी माणसाने कधी पूर्णपणे मानलेले नाही. बळी हा प्रल्हादाचा नातू, म्हणजे जन्माने दैत्य. तरी 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे आपण म्हणतो आणि शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो.

८. 'भूत' आणि 'पंचमहाभूते' यांतला भूत एकच का?

एकच. 'भू' म्हणजे होणे, आणि भूत म्हणजे जे झाले ते. जे अस्तित्वात आले ते सर्व भूत, म्हणून पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूते आणि प्राणिमात्रांवरची दया ती भूतदया. जे होऊन गेले तो भूतकाळ. आणि होऊन गेलेला माणूस पुन्हा दिसतो अशी कल्पना केली की ते पिंपळावरचे भूत.

९. अक्षय्य तृतीयेला आपण 'आखाजी' का म्हणतो? तो अपभ्रंश म्हणून टाळावा का?

मुळीच टाळू नये. अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. प्राकृतात 'क्ष'चा 'ख' होणे हा ठरलेला बदल आहे: लक्षचा लाख, क्षीरची खीर, पक्षीचे पाखरू. त्याच नियमाने अक्षय्यचा 'आखा' झाला आणि तृतीयेची 'तीज'. या दोहोंच्या झिजण्यातून आखाती, आखाजी ही रूपे घडली. काही शब्दांत याच 'क्ष'चा 'श' होतो: मक्षिकेची माशी, क्षेत्राचे शेत. दोन्ही वाटा मराठीत चालतात.

खान्देशात आखाजी हा सासुरवाशिणींचा सण आहे. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधले जातात. त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात: मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मातीचे भांडे, वर खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. घागर नवी असल्यामुळे पाणी भरताच तिला बाहेरून घाम फुटतो आणि ओल्या मातीचा वास घरभर पसरतो. पंचांगातला अक्षय्य हा शब्द आखाजीच्या त्या घागरीजवळ बसल्याशिवाय पुरता समजत नाही, असे माझे मत आहे.

१०. 'तीर्थ' म्हणजे पवित्र पाणी की पवित्र जागा?

दोन्ही, परंतु त्याआधी तीर्थ म्हणजे नदीत उतरण्याची आणि नदी ओलांडण्याची जागा. 'तॄ' म्हणजे तरणे, पार जाणे या धातूपासून हा शब्द आला. पुरातन काळी नदी जेथे उथळ असेल तेथे रस्ते एकवटत, वाटसरू थांबत, स्नान करत, पुढे देऊळ येई. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, जे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते, आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव ही दोन्ही स्थाने पाहिली, की तीर्थाचा हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. जैन परंपरेत 'तीर्थंकर' म्हणजे संसाराच्या नदीला उतार करून देणारा.

याच धातूचे आणखी तीन शब्द आपण रोज वापरतो. 'अव' म्हणजे खाली, म्हणून खाली उतरून येणे तो अवतार. 'उत्' जोडून उतरणे आणि उतार झाले. जुन्या लेखनात 'नदीला उतार आहे' म्हणजे ती पायी ओलांडता येते. फौजांच्या दृष्टीने ही गोष्ट जीवनमरणाची होती. उतार ज्याच्या हाती, वाट त्याच्या हाती. तापीकाठी थाळनेरसारख्या ठिकाणी किल्ला का असावा, याचे उत्तर नदीकडे पाहिल्यावर मिळते.

११. यात्रा आणि जत्रा हे एकच शब्द आहेत का? सारंगखेड्याला यात्रा म्हणावे की जत्रा?

एकच शब्द आहे. संस्कृतातला 'य' तद्भव शब्दांत 'ज' होतो. यवाचे जव झाले आणि बैलांच्या खांद्यावरचे 'जू' हे 'युगा'पासून आले. तशीच यात्रेची जत्रा. तत्सम रूपाला देवाची जोड अधिक चिकटली आणि तद्भव रूपाला बाजाराची, एवढाच काय तो भेद. आपल्याकडे मात्र गावोगावच्या उत्सवाला 'यात्रा'च म्हणतात, त्यामुळे सारंगखेड्याची यात्रा हेच रूढ आणि योग्य.

या शब्दाला तिसरा अर्थही आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. राजनीतीच्या जुन्या ग्रंथांत यात्रा म्हणजे शत्रूवर चाल करून जाणे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने मार्गशीर्ष महिन्यात यात्रेला निघावे असे सांगितले आहे: पाऊस संपलेला, चिखल वाळलेला, धान्य हाताशी आलेले. सारंगखेड्याची यात्रा भरते ती मार्गशीर्षातच, दत्तजयंतीला, तापीच्या काठी. आणि तिची ख्याती आहे ती घोड्यांच्या बाजारासाठी. एकाच महिन्यात, एकाच शब्दाखाली देव, बाजार आणि युद्धाचा घोडा एकत्र आलेले असे स्थळ माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

त्या बाजारातली भाषा ऐकण्यासारखी असते. घेणारा माणूस घोड्याच्या मानेवरून, छातीवरून हात फिरवत केसांचे भोवरे शोधतो. गळ्यावरच्या शुभ भोवऱ्याला 'देवमण' म्हणतात. संस्कृतातल्या 'देवमणी'चे ते रूप. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा 'पंचकल्याण'. अश्वशास्त्राच्या पोथीतले हे शब्द तेथे सौदा ठरवताना आजही उच्चारले जातात.

१२. शस्त्र आणि अस्त्र यांत फरक कोणता? भाल्याला काय म्हणावे?

'शस्' म्हणजे कापणे. हातात धरून वापरायचे ते शस्त्र. 'अस्' म्हणजे फेकणे. फेकून मारायचे ते अस्त्र. पुराणकथांत अस्त्राला मंत्राची जोड मिळाली आणि ब्रह्मास्त्र, आग्नेयास्त्र असे शब्द आले. त्याच 'अस्' धातूपासून अभ्यास (पुन्हापुन्हा टाकणे, म्हणजे सराव), न्यास (खाली ठेवणे, म्हणून विश्वस्ताच्या हाती ठेवलेले) आणि संन्यास (सर्व टाकून देणे) हे शब्दही आले आहेत. बाण सोडणारा आणि घर सोडणारा एकाच धातूने बांधलेले आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भाल्याची अडचण जुन्या लोकांनाही जाणवली होती. म्हणून धनुर्वेदाच्या परंपरेत अधिक बारकाईची वाटणी आढळते: तलवारीसारखे हातातून न सुटणारे ते अमुक्त, चक्रासारखे सुटणारे ते मुक्त, भाल्यासारखे धरताही येते आणि फेकताही येते ते मुक्तामुक्त, आणि साधनाच्या जोराने सुटणारा बाण यंत्रमुक्त. ज्वारीच्या मचाणावर उभे राहून गोफणीतून सोडलेला दगड या शेवटच्या प्रकारात मोडतो.

१३. अक्षौहिणी म्हणजे नेमके किती सैन्य?

२१,८७० रथ, २१,८७० हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, एकूण २,१८,७००. भारतीय युद्धात पांडवांकडे ७ आणि कौरवांकडे ११ अशा १८ अक्षौहिणी होत्या. वरच्या चारही संख्यांतल्या अंकांची बेरीज करून पाहावी; प्रत्येक वेळी १८ येते.

मोजणीचे मूळ 'पत्ती' या तुकडीत आहे: १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. तिची तिप्पट सेनामुख, आणि पुढे तिपटीतिपटीने गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. यांतील दोन नावे निसर्गातून आलेली आहेत. गुल्म म्हणजे झुडुपांचे दाट बेट. ९ रथांची ती तुकडी दुरून तशी दिसत असावी. वाहिनी म्हणजे वाहणारी, अर्थात नदी. ८१ रथांचे सैन्य रस्त्याने जाताना नदीसारखे दिसते. आज दूरचित्रवाणीच्या वाहिनीत प्रवाह तेवढा उरला आहे.

१४. गड, किल्ला, दुर्ग, कोट आणि गढी यांतील कोणता शब्द कोठे वापरावा?

'दुर्ग' म्हणजे जेथे पोचणे दुष्कर ते. डोंगरावरचा गिरिदुर्ग, पाण्याने वेढलेला जलदुर्ग, झाडीने वेढलेला वनदुर्ग. 'किल्ला' अरबीतून आला आणि सर्व प्रकारांना चालतो. 'गड' म्हटले की मराठी माणसाच्या मनात डोंगर येतो. सपाटीवरचा तो 'भुईकोट'. मुंबई-आग्रा रस्त्यावरून धुळ्याकडे येताना समोर उभा राहणारा लळिंग हा गिरिदुर्ग, आणि पारोळ्याचा किल्ला भुईकोट. 'गढी' हे गावातल्या वतनदाराचे तटबंदीचे घर असते, त्याला किल्ला म्हणू नये. खान्देशातल्या अनेक गढ्यांची पांढरी माती आता पावसागणिक खाली येत आहे.

देवी 'दुर्गा' याच शब्दाची. देवीमाहात्म्यात दुर्गम नावाच्या असुराला मारल्यामुळे दुर्गा हे नाव पडेल असे देवीच सांगते. भवसागर तरून नेणारी नौका असाही अर्थ तेथे आहे. 'बुरूज' हाही अरबी शब्द असून त्या भाषेत त्याचा अर्थ मनोरा आणि आकाशातली राशी असा दुहेरी आहे.

१५. रान, रणांगण आणि कच्छचे रण यांचे मूळ एकच आहे का?

उच्चार जवळचे आहेत, मुळे तीन आहेत. रान हे अरण्यापासून आले (प्रश्न ३). कच्छचे रण हे संस्कृत 'इरिण' म्हणजे खारवट, नापीक जमीन या शब्दापासून. युद्धवाचक रण तिसरे. वैदिक भाषेत त्याचा अर्थ आनंद असाही आहे आणि लढाईतल्या उन्मादावरून तो युद्धाकडे वळला. त्याला अंगण जोडून रणांगण. जळगाव-भुसावळकडचे 'रणरणते ऊन' या तिन्हींशी जोडू नये. ती ध्वनीवरून घडलेली द्विरुक्ती आहे.

१६. मोर्चा, मोहीम, तोफ, आरमार हे शब्द मराठी आहेत का?

आता मराठीच आहेत. मोहीम अरबीतून आली, तेथे मूळ अर्थ महत्त्वाचे काम. तोफ तुर्कीतून, मोर्चा आणि लष्कर फारसीतून, आरमार आणि काडतूस पोर्तुगिजांकडून. मोर्चा म्हणजे वेढा घालताना खणलेला खंदक किंवा तोफेची आडोशाची जागा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ टिकून आहे. तहसील कचेरीवर निघणाऱ्या मोर्चात माणसे चालतात, जुन्या मोर्चात ती दबा धरून बसत.

१७. एकलव्य भिल्ल होता असे ऐकतो, परंतु पुस्तकात निषाद लिहिलेले असते. खरे काय?

महाभारतात तो निषादांचा राजा हिरण्यधनू याचा पुत्र आहे. 'निषाद' हा त्या काळी अरण्यात राहणाऱ्या अनेक समाजांना लावला जाणारा व्यापक शब्द होता. 'भिल्ल' हा शब्द संस्कृत वाङ्मयात नंतर दिसू लागतो, आणि त्याचा संबंध द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक 'विल्', 'बिल्' या शब्दांशी जोडला जातो. त्यामुळे ग्रंथाचा शब्द विचारला तर निषाद असे लिहावे. सातपुड्यातला भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो, आणि अंगठा गमावलेल्या धनुर्धराला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला म्हटले त्यांचा तो हक्क शब्दकोशाने नाकारण्याचे कारण नाही. परीक्षेतल्या उत्तरात दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिता येतात.

'खान्देश' हा शब्दही असाच दोन बाजूंनी सांगितला जातो. फारुकी राज्यकर्त्यांच्या 'खान' या किताबावरून हे नाव पडले हे मत अधिक मान्य आहे. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश, ही फोड अहीर-आभीरांच्या परंपरेला जवळची आहे. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने आपला पुत्र दानियाल याच्यावरून 'दानदेश' हे नाव दिले होते, पण ते लोकांच्या तोंडी बसले नाही.

१८. सातबाऱ्यावरचे 'क्षेत्र', 'श्रीक्षेत्र' आणि 'कुरुक्षेत्र' यांत एकच शब्द कसा?

हा प्रश्न सर्वांत उशिरा ठेवला आहे, कारण वरची बरीच उत्तरे येथे लागतात. 'क्षि' म्हणजे राहणे, वसणे. वसून कसायची भूमी ती क्षेत्र. त्याचे तद्भव रूप शेत (ध्वनिबदलासाठी प्रश्न ९). सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर यांत लिहिलेले क्षेत्र हा या शब्दाचा सर्वांत जुन्या अर्थाजवळचा वापर आहे. जेथे पुण्य पेरले आणि उगवले जाते ते तीर्थक्षेत्र. शिवेवर राखण करणारा देव क्षेत्रपाळ. भगवद्‌गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे.

कुरुक्षेत्र हे नाव रणभूमी म्हणून आपल्या कानांवर पडते, परंतु महाभारताच्या शल्यपर्वात त्याची कथा वेगळी आहे. राजा कुरू ती भूमी स्वतः नांगरत होता. इंद्राने येऊन विचारले, हे कशासाठी चालले आहे? येथे देह ठेवणाऱ्यांना उत्तम लोक मिळावा यासाठी, असे कुरूने सांगितले. इंद्र हसून परत गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि राजा नांगरतच राहिला. शेवटी देवांना ते मान्य करावे लागले. कौरव-पांडव जेथे लढले ते त्यांच्या पूर्वजाचे नांगरलेले शेत होते. आणि तो कुरू तपतीचा, म्हणजे आपल्या तापीचा, मुलगा.